पडद्याची आतली बाजू

आंबा घाट उतरताना एका वळणावर सदूचे हात फिरले नाहीत. झालं ते एवढंच. कोल्हापूरहून रत्नागिरीला येणारी दुपारची गाडी, आत बेचाळीस माणसं, स्वच्छ ऊन, कोरडा रस्ता, समोरून साधी मोटरसायकलसुद्धा नाही. वळण उजवीकडचं, बावीस वर्षांत हजारदा घेतलेलं. डोक्याने सांगितलं, फिरवा. हातांनी ते ऐकलं आणि स्टेअरिंगवर तसेच बसून राहिले, जसे काही दुसऱ्या कुणाचे. पाय तेवढा शहाणा निघाला. त्याने ब्रेक दाबला, मागे कुणाचं कपाळ दांड्यावर आपटलं, कुणाच्या पिशवीतले कांदे घरंगळत पार पुढे आले, आणि गाडी कठड्याला नाक लावून उभी राहिली. कंडक्टर धावत आला तेव्हा सदू आपल्याच हातांकडे बघत होता. "चक्कर आली," तो म्हणाला. चक्करबिक्कर काही आली नव्हती. पण माणसाला चक्कर येते हे लोकांना कळतं. हात फिरले नाहीत, हे सांगायचं कुणाला आणि कोणत्या तोंडाने? घाटाखालच्या साखरप्याहून दुसरा ड्रायव्हर आला, त्याने गाडी खाली उतरवली, आणि सदू सगळ्यात मागच्या सीटवर मान खाली घालून बसला. एका म्हातारीने त्याला आलेपाकाची वडी दिली. ती त्याने खाल्ली, आणि खाताना त्याला इतकी लाज वाटली की गिळवेना.

रत्नागिरीत डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, कानात बॅटरी मारली, मान डावीउजवीकडे वळवून घेतली. सगळं ठणठणीत. वीस दिवस विश्रांती घ्या, म्हणाले. वीस दिवसांनंतरच्या सोमवारी सदूच्या नावावर पुन्हा कोल्हापूरचीच ड्युटी होती. जमणार नसेल तर गाडी चालवणं झेपत नाही असा अर्ज लिहून द्यायचा, आणि निवृत्तीपर्यंतची अकरा वर्षं वर्कशॉपात टायरची हवा तपासायची. टायरची हवा तपासण्यात वाईट काय आहे? काहीच नाही, चांगली माणसं ते काम करतात. पण सदूला रोज सकाळी गाड्या फाटकातून बाहेर पडताना दिसल्या असत्या, आणि फाटकाच्या आत आपण का उरलो हे फक्त त्याला एकट्याला ठाऊक राहिलं असतं. ते त्याला नको होतं. अर्ज लिहायचा नाही, एवढं त्याने दवाखान्याच्या पायरीवरच ठरवलं. मग करायचं काय, हे मात्र ठरेना.

ते ठरलं दमयंतीच्या भावामुळे. दमयंती म्हणजे सदूची बायको. तिचा भाऊ रितेश लग्नांचं शूटिंग करतो आणि हौसेने कॉम्प्युटरवर गेम खेळतो. आजारी मेव्हण्याला बघायला आला तो लॅपटॉप घेऊनच. त्यात बस चालवायचा गेम होता, आणि कुणा हौशी पोरांनी त्यासाठी आपल्याकडचे रस्ते बनवले होते. त्यात एक आंबा घाटही होता, अगदी हुबेहूब नसला तरी ओळखू येण्याइतका. सदूने पहिल्यांदा तोंड वाकडं केलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी गेम खेळायचा म्हणजे काय? पण दोन वळणं बघितली आणि तो सरसावून बसला. चूक त्याच्या लगेच ध्यानात आली. लॅपटॉपचा पडदा पोस्टकार्डाएवढा आणि सपाट. वळण समोर येऊन एकदम अंगावर पडत होतं. घाटात ड्रायव्हर समोरच्या काचेतून बघतच नाही. तो बाजूच्या काचेतून बघतो, डोळ्यांच्या कडांनी बघतो. गाडीच्या आधी नजर वळून पलीकडे जाते आणि मग तिच्या मागून हात जातात. सदूच्या मनाने तिथल्या तिथे पक्कं केलं की बिघाड झालाय तो या कडांमध्ये. दरी डावीकडे असते, ती कडेला दिसली असणार आणि हात धसकले असणार. तेव्हा दरी कडेला दिसली पाहिजे, पुन्हा पुन्हा दिसली पाहिजे, हातांची भीड चेपेपर्यंत. रितेश म्हणाला, गेमवेडे लोक घरच्या घरी गोल पडदे बांधतात, मध्ये बसायचं आणि प्रोजेक्टरने चित्र तिन्ही बाजूंनी पसरायचं. त्याच्याकडे लग्नाच्या हॉलमध्ये नवरानवरीचे फोटो दाखवायचा एक जुना प्रोजेक्टर पडून होता. "पडदा तेवढा तुम्ही बघा, दाजी." लॅपटॉप ठेवून, प्रोजेक्टर पाठवतो म्हणून रितेश गेला आणि सदूने आंब्याच्या पेट्यांची खोली रिकामी करायला घेतली. हंगाम अजून लांब होता. चिऱ्याच्या भिंती, एकच खिडकी, तिला गोणपाट लावलं की भरदुपारीही आत अंधार. जमिनीत मधोमध खिळा ठोकून त्याला पाच फूट सुतळी बांधली, सुतळीच्या टोकाला खडू, आणि अर्धगोल काढला. त्या अर्धगोलाच्या आत उभं राहिल्यावर कित्येक दिवसांनी त्याला भूक लागल्यासारखं वाटलं.

गोल बांधायचा तर रत्नागिरीलगतच्या भाट्याला, सदूच्या वाडीत, एकच माणूस, धाकूकाका. सत्तरी ओलांडलेला, जन्मभर होड्या बांधलेला सुतार. आता सगळ्या होड्या फायबरच्या, म्हणून खाडीकाठी नुसता बसून असायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या होडीला नावं ठेवायचा. सदूने त्याला मापं सांगितली: उभा पडदा, सहा फूट उंच, अर्धगोल, पाच फुटांचा. धाकूकाकाने खडूची रेघ पाहिली आणि ती पायाने पुसली. "रेघ कशाक रे? डोळे हायत ना माझे. बाक नि उंची सांगितलंस, बास झाला." आठ दिवस खोलीतून रंध्याचा आवाज येत राहिला. म्हाताऱ्याची अट एकच, काम पुरं होईपर्यंत आत कुणी डोकवायचं नाही. दमयंती दाराबाहेर चहा ठेवायची आणि स्वयंपाकघरात येऊन म्हणायची, "आजारपणात माणसं देवाचं नाव घेतात. आमच्याकडे होडी बांधायला घेतलीये." दिवसाकाठी दोनदा ती सदूला चक्करेवर म्हणून मोरावळा भरवायची आणि तो निमूटपणे खायचा. आपण बायकोशी खोटं बोललो हे त्या मोरावळ्याच्या गोडीत त्याला रोज लागायचं.

नवव्या दिवशी धाकूकाकाने दार उघडलं. सदू बघतच राहिला. आंब्याच्या फळ्या इतक्या एकजीव बसवलेल्या की नख फिरवावं आणि जोड सापडू नये. फटी भरलेल्या, तेल चोळलेलं, उजेड पडला तर त्यावरून घसरावा. पण हे सगळं बाहेरून. सदू आत गेला, जिथे त्याची खुर्ची यायची होती तिथे उभा राहिला, आणि समोर पाच आडव्या बरगड्या. फडताळाच्या फळ्यांसारख्या, एकाखाली एक, चांगल्या तीन-तीन बोटं पुढे आलेल्या. त्यावर घाट पाडला असता तर प्रत्येक बरगडीवर एकेक रस्ता दिसला असता. "काका," तो म्हणाला, "गुळगुळीत बाजू आत हवी होती." धाकूकाकाला आधी कळलंच नाही. "आत कशाक? पाणी भायरनं लागता ना." आणि मग खोलीत पाणी नाही, हे पहिल्यांदाच लक्षात आल्यासारखा तो उभा राहिला. पन्नास वर्षं त्या हातांनी बाहेरची बाजू सजवली होती. आतून बघायची वस्तू असते हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. म्हातारा रंधा उचलून निघाला. सदूला त्या क्षणी राग यायला हवा होता, दिवस चालले होते. पण त्याला भरून आलं. हात आपल्याच सवयीने वागतात आणि मालकाला खाली बघायला लावतात, हे त्याच्याइतकं आणि कुणाला ठाऊक होतं? तो मागोमाग खाडीपर्यंत गेला. "काका, बरगड्या राहू देत. त्यांवर आतून काही लावता येईल का, तेवढं सांगा." धाकूकाकाने तासभर रंध्याचं पातं घासलं. मग म्हणाला, "मोडून टाक मेल्या. माझा नाव घालवशील." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दारात हजर.

पहिल्यांदा त्यांनी जाहिरातीच्या फलकाचं फ्लेक्स आणलं आणि त्याची कोरी पाठ पुढे करून ताणलं. ते ताणलं की बरगड्या सोडून सरळ यायचं. दोन टोकं ओढली तर कापड गोल कसं राहील? सैल सोडलं तर सुरकुत्या. दोघांनी अख्खी दुपार त्यात घालवली आणि एकमेकांवर खेकसून घेतलं. मग धाकूकाकाने पातळ प्लायचा तुकडा घेतला, दोन हातांत वाकवला, बरगड्यांच्या आत धरला आणि सोडला. प्लायने सरळ व्हायची धडपड केली आणि त्या धडपडीतच तो पाचही बरगड्यांना घट्ट चिकटून बसला. खिळासुद्धा लागला नाही. म्हाताऱ्याच्या तोंडावर हसू आलं, पण त्याने ते लपवलं. "बघितलंस? बरगड्ये आत होते म्हणून टेकला." पुढे सगळं भराभर झालं. गरम पाण्याने प्लाय नरम करून बसवला, जोडांत पुट्टी भरली, घासली, चकाकी नसलेला पांढरा रंग तीन हात दिला. प्रोजेक्टर वाशाला उलटा टांगला, म्हणजे डोक्याची सावली पडू नये. गोलावर रस्ता केळीसारखा वाकडा दिसायचा. तो सरळ करायला, रितेशने फोनवरून सांगितलं तसे, लॅपटॉपने चित्रावर टाकलेल्या जाळीचे ठिपके एकेक करून ओढायचे. सदूने आढ्यापासून ओळंब्याचे दोरे सोडले आणि गेममधले विजेचे खांब त्या दोऱ्यांना जुळेपर्यंत ठिपके ओढत बसला. सकाळी बसला तो संध्याकाळी उठला. कडांना चित्र जरा पुसट राहिलं, तर राहू दे. कडेचं पुसटच दिसतं. भंगारातून ट्रकची सीट आणली. रितेशच्या मित्राचं गेमचं स्टेअरिंग जेवणाच्या ताटाएवढं होतं, ते फळीवर आवळून बसवलं. शनिवार उजाडला. मध्ये फक्त रविवार होता.

शनिवारी सकाळी सदूने अंगात खाकी शर्ट घातला, दार लावलं आणि गाडी सुरू केली. आणि घाट आला. खरंच आला, डावीकडून दरी सरकत सरकत त्याच्या कानापर्यंत आली, उजवीकडून डोंगराची कातळभिंत डोळ्याच्या कडेला घासत गेली, आणि पहिल्यांदा घाट शिकला तो दिवस त्याला आठवला. तेव्हा शेजारी बसलेला बुजुर्ग ड्रायव्हर म्हणाला होता, दरीकडे बघायचं नाही असं कोण सांगेल त्याचं ऐकू नकोस, दरीकडे बघ, ती जागेवरच असते, हलणारा तू आहेस. ते वळण आलं. सदूची पाठ ताठ झाली. हात फिरले. लोण्यातून सुरी जावी तसे फिरले. त्याने गाडी पुन्हा वर नेली, पुन्हा उतरवली. पुन्हा. अकरा वेळा. धुकं घातलं, समोरून ट्रक सोडले, ऊन डोळ्यांवर घेतलं. अकराही वेळा हात शहाण्यासारखे फिरले. दुसरा कुणी असता तर त्याने मिठाई वाटली असती. सदू मात्र इंजिन बंद करून पांढऱ्या पडद्यासमोर बसला आणि त्याला दरदरून घाम फुटला. दरी इथे होती, कडा होत्या, वळण होतं, आणि भीती नव्हती. म्हणजे भीती दरीची नव्हतीच. अठरा दिवस, एक म्हातारा, इतका प्लाय, इतका रंग, आणि आपण चुकीच्या गोष्टीभोवती गोल बांधला. मग हात थांबले कशाने? त्या दुपारकडे तो आजवर समोरच्या काचेतूनच बघत आला होता. आता त्याने नजर जरा वर नेली, आणि तिथे आरसा होता.

ड्रायव्हरच्या डोक्यावरचा, आतली माणसं दाखवणारा लांबट आरसा. वळणाच्या जरा आधी त्याने त्यात सहज पाहिलं होतं. सगळी गाडी झोपलेली होती. एकजण जागा नाही. कंडक्टरसुद्धा तिकिटांच्या मशीनवर हनुवटी टेकून. बायका, म्हातारे, सूटकेस मांडीवर धरलेला एक गृहस्थ, तोंड उघडं टाकून झोपलेली दोन कॉलेजची पोरं. आणि बेचाळीस माना गाडीबरोबर एकाच बाजूला कलत होत्या, परत येत होत्या, कलत होत्या. बावीस वर्षं हे तो बघत आला होता, पण त्या दिवशी ते त्याला दिसलं. ही माणसं झोपलीत. दरीच्या काठाने चाललीत आणि झोपलीत, कारण पुढे कुणीतरी आहे. त्यांना त्याचं नाव ठाऊक नाही, त्याचं तोंडही त्यांनी पाहिलेलं नाही. पाठ पाहिली आणि झोपली. अरे, कशाच्या जोरावर? या दोन हातांच्या? आणि मग त्याने हातांकडे पाहिलं होतं. हातांना ते ओझं तेव्हाच कळलं असणार, त्याच्याआधी. सदूने खोलीतल्या अंधारात दोन्ही तळवे तोंडावर धरले आणि तो रडला. रडून झाल्यावर त्याला बरं वाटलं नाही, पण काय दुरुस्त करायचंय ते तरी कळलं.

रविवारी सकाळी दमयंती बांगडे साफ करत होती. सदू पाटावर बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं; चक्कर आली नव्हती इथपासून आरशापर्यंत. ती ऐकत राहिली, सुरी थांबली नाही. शेवटी म्हणाली, "मग मी अठरा दिवस मोरावळा कशाला भरवत होते तुम्हाला?"

"चुकलं माझं."

"अख्खी बरणी संपली." तिने बांगडा धुतला, बाजूला ठेवला. आवाज जरा खाली आला. "उद्या जाणार आहात?"

"मागे माणसं बसवून एकदा उतरवता आली तर जाईन. झोपलेली माणसं हवीत. तू बसशील?"

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि दमयंती त्याच्या गाडीत कधी बसली नव्हती. घरचं माणूस मागे असलं की लक्ष लागत नाही, असं त्यानेच सांगितलं होतं. माहेरी देवरूखला जायचं तरी ती दुसऱ्याच्या गाडीने जायची. आता तिने हात पुसले आणि म्हणाली, "जेवण होऊ दे. उपाशी मला झोप लागत नाही."

धाकूकाकालाही जेवायला बोलावलं. बांगड्याचं तिखलं आणि भात असा बेत झाला. दुपारी दीडच्या सुमाराला दोघं भिंतीला पाठ लावून सदूच्या मागे बसली, ती खुर्चीवर, म्हातारा बाकड्यावर. सदूने दाढीचा आरसा वाशाला बांधून डोक्यावर टांगला. पडद्याच्या उजेडात त्यांची तोंडं नीट दिसत होती. "चला, झोपा," तो म्हणाला. धाकूकाका लगेच घोरायला लागला, इतक्या जोरात की ते सोंग आहे हे पाळण्यातल्या पोरालाही कळावं. दमयंतीने डोळे मिटले, पण मान ताठ. सदूने बावीस वर्षं झोपलेली माणसं पाहिली होती. त्याला फसवणं सोपं नव्हतं. गाडी उतरली, वळण आलं, हात फिरले. दुसऱ्यांदाही फिरले. "झालं का?" दमयंतीने विचारलं. "नाही," तो म्हणाला, "तुम्ही जागे आहात." "मग आता झोप काय विकत आणू?" ती म्हणाली. धाकूकाका हसला, आणि त्याचा धक्का लागून बाकडं करकरलं. सदूने गाडी वर नेली आणि हळू उतरवायला सुरुवात केली, रोजच्या चालीने, कुणाला दाखवायचं नसल्यासारखी. इंजिनाची एकसुरी घरघर, गोणपाटातून येणारी उष्ण हवा, पोटात भात. चौथी फेरी की पाचवी, त्याने मोजलं नाही.

आरशात पाहिलं तेव्हा धाकूकाकाचं तोंड उघडं होतं आणि घोरणं बंद पडलं होतं. आणि दमयंतीची मान एका बाजूला कलंडली होती. पदर खांद्यावरून सुटला होता, बोटं उघडी पडली होती, त्यांना अजून मासळीचा वास येत असेल. तिला कालपासून सगळं ठाऊक होतं म्हणावं, तर कालपासूनही नाही, सकाळपासून. या माणसाचे हात दरीच्या काठावर थांबले होते, हे ऐकून अजून पाच तास झाले नव्हते. आणि ती झोपली होती. वळण समोर आलं, डावीकडून दरी कानाशी आली, आणि हात थांबले. तस्सेच. त्याने ढकलले, ते हलले नाहीत. गोल पडद्यावर कठडा आला, फुटला, आभाळ खाली गेलं, झाडं वर आली आणि स्पीकरमधून धाडकन आवाज झाला.

दमयंती दचकली. डोळे अर्धेच उघडले. "पोचलो?"

समोरच्या पडद्यावर चाकं वर करून गाडी पडलेली. "नाही," सदू म्हणाला. "घाटातच आहोत अजून. झोप तू."

"बरं," ती म्हणाली. पदर ओढून घेतला, डोकं भिंतीला टेकवलं, आणि दोन श्वासांत पुन्हा झोपली. तिने पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सदूने तळहात खाकी शर्टाला पुसले आणि गाडी पुन्हा घाटाच्या माथ्यावर नेली. पहिला गिअर, दुसरा. आरशात बघायचं टाळायचं नाही असं त्याने ठरवलं. तो प्रत्येक वळणाच्या आधी बघत गेला. ती झोपलेली होती. ती झोपलेली होती. भीती होतीच, आता तिची ओळख पटली होती म्हणून ती तोंड लपवत नव्हती, सरळ शेजारी येऊन बसली होती. बसू दे. ते वळण आलं. सदूने आरशात बायकोकडे पाहिलं, मग दरीकडे, आणि दोन्ही हातांनी स्टेअरिंग उजवीकडे ओढलं. ते जड आलं, खऱ्या गाडीपेक्षाही जड, पण आलं. कठडा डावीकडून सरकत मागे गेला. खाली अजून बरीच वळणं होती आणि उद्या मागे बेचाळीस जण असणार होते. त्याने गिअर टाकला आणि कुणाची झोप मोडणार नाही इतक्या बेताने गाडी पुढच्या वळणाला लावली.